ट्रॅकवरून आल्यावर टर्बो गाडी निळा धूर सोडते: इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा: दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेदान, चार सिलिंडर, ६२ हजार किलोमीटर, स्टेज १ रिमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली). ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर वीस-वीस मिनिटांची चार सत्रं झाली. शेवटच्या सत्रात पिकअप पडला आणि चेक लाइट लुकलुकायला लागला. गाडी तिथून चालवतच नागपूरला आणली. आता आयडलला थरथरते, पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड येतो, रेस दिली की निळा धूर निघतो आणि ऑइल लिटरभर कमी झालंय. एक मिस्त्री म्हणतो टर्बो गेला, दुसरं गॅरेज म्हणतं इंजिन खोलूनच बघू. कुणाचं ऐकायचं?

अजून कुणाचंच नाही. दोघांनीही धुराचा रंग बघून निदान केलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच तो सांगतो. ते टर्बोच्या सीलमधून आलं, पिस्टनच्या रिंगांवरून वर चढलं की ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये ओढलं गेलं, हे धुराला माहीत नसतं. तुमचा खरा प्रश्न ‘टर्बो की इंजिन’ हा नाहीच. तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाबलेली हवा कुठून पळते, हा आहे. आणि त्याचं उत्तर हेड न उतरवता, फक्त प्लग काढून, अर्ध्या दिवसात मिळतं.

गाडी न बघता छातीठोक सांगता येत नाही, हे आधीच मान्य करतो. कोणतं ऑइल होतं, टाकीत कोणतं पेट्रोल होतं, रिमॅप कुणी कशावर केला, एअर फिल्टर कंपनीचा की उघडा कोन, यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही दिलेल्या माहितीत एक मोठा पुरावा आहे: गाडी हजारेक किलोमीटर चालून घरी आली. पिस्टनला आरपार भोक पडलं असतं किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरलं असतं, तर ती आग्र्याच्या पुढे आली नसती. म्हणजे नुकसान झालंच असेल तर ते अर्धवट टप्प्यावर आहे. म्हणूनच आता घाई नको.

सगळ्यात आधी, उगाच सेल मारू नका. ‘आवाज ऐकवतो’ म्हणून प्रत्येक गॅरेजमध्ये गाडी सुरू करून दाखवणं बंद. पिस्टनची कड तुटली असेल तर तिचा तुकडा दर फेरीला लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर, ओरखडे काढतो. आज पिस्टन-रिंगांमध्ये भागणारं काम उद्या ब्लॉक बोअर करण्यावर जातं. गाडी हलवायची तर फ्लॅटबेडवर. गाडी ऑटोमॅटिक असेल तर टोचन करून नेऊच नका, गिअरबॉक्सचं वेगळं दुखणं मागे लागेल.

दुसरं, कोड पुसू नका. स्कॅनर लावला की मिस्त्री पहिल्यांदा कोड क्लिअर करतो, ही आपल्याकडची जुनी खोड. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान किती. मिसफायर ६००० आरपीएमला पूर्ण लोडवर सुरू झाला की आयडलला, यावर पुढची दिशा ठरते. सोबत पी०२९९ (बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी), पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा रेल प्रेशरचा (इंजेक्टरपर्यंत येणाऱ्या पेट्रोलच्या दाबाचा) एखादा कोड आहे का, त्याचा फोटो काढून ठेवा. लुकलुकणारा चेक लाइट म्हणजे ‘न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय’ असा इशारा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, अशा वेळी त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करतो. तसं झालं नसेल तर कन्व्हर्टरही वितळलेला असू शकतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता ऑइल. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर मिसफायरमुळे पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलंय. मग दिसतंय त्यापेक्षा जास्त ऑइल जळलंय, कारण पेट्रोलने पातळी वर ठेवलीय. कॅपखाली सायीसारखा पांढरट थर असेल तर कूलंटची शंका घ्या. पण थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो दिसतो, एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका.

ऑइल काढताना मधल्या धारेतून १०० मिली स्वच्छ बाटलीत घ्या. लॅबकडे पाठवलं तर आकडे बोलतात: ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन, लोह वाढलं तर बोअर-रिंग, तांबं-शिसं-कथील वाढलं तर बेअरिंग, सोडियम-पोटॅशियम आलं तर कूलंट. सिलिकॉन वाढलं तर धूळ. उघडा कोन फिल्टर लावून विदर्भातल्या उन्हाळ्यात फिरणाऱ्या गाडीत ते सापडलं तर नवल नको. अर्थात कुणी नुकताच सिलंट लावून संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) जोडला असेल तरी सिलिकॉन वाढतं.

लॅबपेक्षा लवकर उत्तर देतो तो ऑइल फिल्टर. पत्र्याचा डबा असेल तर फिल्टर कटरने कापा. हॅक्सॉ लावला तर ब्लेडचाच भुगा आत पडतो आणि मग तुम्ही स्वतःच्या करवतीचं निदान करत बसता. कागदी घड्या पिळून ऑइल काढा, पांढऱ्या कापडावर उलगडा, उन्हात तिरपं धरून बघा आणि वरून लोहचुंबक फिरवा. चिकटणारे कण म्हणजे लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारा करडा, मळकट भुगा बहुधा पिस्टनचा. चमकदार पापुद्रे म्हणजे बेअरिंगचा थर निघतोय. पिवळसर, पितळी झाक दिसली तर टर्बोच्या बुशिंगकडे बघा. चार-दोन बारीक चमचमते कण कुठल्याही वापरलेल्या इंजिनात मिळतात. पापुद्रे बोटांनी उचलता येत असतील तर मात्र पुढच्या चाचण्या थांबवा, इंजिन सुरूही करू नका, संप उतरवा आणि बेअरिंग बघा. बुद्धवर दहा-अकरा नंबरचं वळण लांबलचक आहे. ऑइल आधीच कमी असेल तर अशा वळणात ते संपच्या एका बाजूला चढतं, ऑइल ओढणारा पिकअप पाइप हवा ओढतो आणि बेअरिंग काही क्षण कोरडं फिरतं. टर्बोचं बुशिंगही त्याच ऑइलवर तरंगतं, म्हणून तेही त्याच वेळी मार खातं.

फिल्टर स्वच्छ निघाला तर प्लगकडे वळा. इंजिन थंड असताना काढा, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना फाटतात. पुठ्ठ्याला चार भोकं पाडून १, २, ३, ४ लिहा आणि प्लग तसेच खोचा. तिसऱ्याची तुलना बाकी तिघांशी करायची आहे, एकट्या प्लगला अर्थ नाही. भिंग घ्या. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे किंवा चंदेरी ठिपके असतील तर ते नॉकिंगमुळे (पेट्रोल-हवेचं मिश्रण शांतपणे न जळता धक्क्याने भडकल्यामुळे) पिस्टनवरून उडालेलं ॲल्युमिनियम असू शकतं. पोर्सिलेन तडकलेलं असेल तर नॉकिंग जोरात झालंय. इलेक्ट्रोड वितळून गोल झाला असेल तर तो सिलिंडर प्रमाणाबाहेर तापला होता. एकच प्लग धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर तिथे कूलंट जातंय. ओला, काळा, ऑइलने माखलेला असेल तर ऑइल वर चढतंय.

इथेच एक स्वस्त शक्यता संपवून टाका. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून ठेवा. पुढे इंजिन सुरू कराल तेव्हा कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलचा. रिमॅप केलेल्या गाडीत प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमीपेक्षा वाढला तरी जास्त बूस्टला ठिणगी विझते. ट्रॅकवर गेलेला पिकअप निव्वळ प्लग आणि कॉइलमुळेही असू शकतो. मात्र लिटरभर ऑइल कॉइलमुळे जळत नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो याचं मोजमाप, पुस्तकाप्रमाणे गरम इंजिनवर करतात. इथे इंजिन चालवायचं नाहीये, म्हणून थंडच करा. आकडे थोडे कमी येतील, पण आपल्याला चौघांमधला फरक हवा आहे. (तशी नागपुरात एप्रिल-मे मध्ये सावलीत उभी गाडीही फार थंड नसते.) चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचा फ्यूज किंवा पंपाचा रिले काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरीला चार्जर लावलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच ते सहा ठोके. अशा इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसायला हवेत. सर्वात वरच्या आणि खालच्या आकड्यात ३ बारपेक्षा जास्त फरक म्हणजे गडबड. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण ही चाचणी टर्बो गाडीत फसवते. सर्व लक्षणं एकत्र धरली तर माझा पहिला संशय तिसऱ्या पिस्टनच्या रिंग-लँडवर आहे. पहिली आणि दुसरी रिंग ज्या खाचांमध्ये बसते, त्या दोन खाचांमधली ॲल्युमिनियमची पट्टी म्हणजे रिंग-लँड. नॉकिंगचा धक्का वरच्या रिंगवर बसतो, रिंग खालच्या पट्टीवर हातोड्यासारखी आदळते आणि कास्ट (ओतीव) पिस्टन ठिसूळ असल्याने पट्टीचा एक तुकडा निघतो. गंमत अशी की रिंगा साबूत असतात. त्यात सिलिंडर ऑइलने ओला असतो आणि तेच ऑइल सील करतं. त्यामुळे कॉम्प्रेशन बाकीच्यांचं १२ आणि त्याचं ९-१० असं ‘चालेल’ म्हणावं इतपत येऊ शकतं. मिस्त्री म्हणतो इंजिन ठणठणीत आहे, टर्बो बदला. टर्बो बदलला जातो, धूर तसाच राहतो.

हे ओळखायला लीक-डाउन टेस्ट. दोन गेजचा साधा संच आणि कॉम्प्रेसर एवढंच लागतं. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. मॅन्युअल गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही धरा. क्रँकच्या नटावर पाना ठेवून हवा सोडू नका, पिस्टन खाली ढकलला गेला तर पाना गरकन फिरून मनगट मोडेल. १०० पीएसआय आत सोडा आणि दुसऱ्या गेजवर किती टिकतात ते बघा. ९० टिकले म्हणजे १० टक्के गळती, उत्तम. २० टक्क्यांपर्यंत वापरलेलं इंजिन म्हणून चालेल. २५-३०च्या पुढे गेलं की इंजिन खोलावंच लागणार.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कान. गॅरेजमधला पंखा, रेडिओ, गप्पा सगळं बंद करा. ऑइल कॅप काढून कान लावा: सूंऽऽ असा आवाज तिथे आला तर हवा पिस्टनवरून खाली जातेय. थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गास्केट किंवा हेडला चीर. शेजारच्या प्लगच्या भोकातून आला तर दोन सिलिंडरमधलं गास्केट फुटलंय. थोडीशी फुसफुस ऑइल कॅपमधून प्रत्येक इंजिनात येते, म्हणून चारही सिलिंडर ऐकून तुलना करा. पहिला, दुसरा, चौथा ८-१० टक्के आणि तिसरा ३५, तोही ऑइल कॅपमधून, असं निघालं तर निकाल लागला.

मग खात्रीसाठी प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घाला. कॅमेऱ्याचं टोक वळणारं हवं, सरळ कॅमेऱ्याला फक्त पिस्टनचा माथा दिसतो. पिस्टन हाताने खाली नेऊन भिंती बघा. होनिंगच्या (भिंत घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेषा शाबूत आहेत की उभे ओरखडे पडलेत? ओरखड्यात नख अडकेल इतकी खोली वाटली तर ब्लॉक बोअर करावा लागण्याची तयारी ठेवा. पिस्टनच्या कडेला वाळूने खरवडल्यासारखं खडबडीत झालं असेल तर नॉकिंग. मधोमध वितळल्याची खूण असेल तर प्री-इग्निशन, म्हणजे ठिणगीच्या आधीच पेट घेणं, आणि तो वेगळा, जास्त वाईट आजार.

टर्बो आता बघा, आधी नाही. इनटेकचा पाइप काढा आणि कॉम्प्रेसर व्हील बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलणं स्वाभाविक आहे, शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. व्हील घराला घासायला नको. आत-बाहेर मात्र हाताला जाणवेल इतकं हलायला नको, हललं तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. पात्यांची टोकं बघा. एखादं तुटलेलं असेल तर तुकडे इंटरकूलरमध्ये बसलेत, तो धुऊन स्वच्छ झाल्याची खात्री नसेल तर बदला. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर सगळ्याच टर्बो गाड्यांत असतो, त्याने घाबरू नका. वाटीभर साचलेलं असेल तर विचार करा. पण तेव्हाही आधी विचारा की ते टर्बोतून आलं की ब्रीदरमधून.

फिल्टर स्वच्छ निघाला, बोअर शाबूत दिसला आणि लीक-डाउनही बरा आला, तरच नवं ऑइल घालून इंजिन मिनिटभर सुरू करा. आयडलला ऑइल कॅप काढून बघा. कॅप खेचून धरल्यासारखी निघत नसेल आणि काढल्यावर आयडल बिघडत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा (ब्रीदरच्या वाफा इनटेककडे सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलाय. हा सगळ्यात मोठा बहुरूपी: निळा धूर, ऑइल खाणं, पातळ मिश्रण, थरथर, सगळं करतो आणि इंजिन न उघडता बदलता येतो. उलट कॅपमधून भसाभस वाफा येत असतील तर ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली उतरतोय. नेमकं मोजायचं तर डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोडा, त्याला यू आकार देऊन पाणी भरा. निरोगी इंजिनात पाणी किंचित इंजिनाकडे ओढलं जातं. ते बाहेर ढकललं जात असेल तर क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) दाब साचतोय. असा दाब टर्बोचं ऑइल खाली उतरू देत नाही, ते सीलमधून बाहेर पडतं आणि बिचारा टर्बो बदनाम होतो.

कूलंटबद्दल थोडक्यात. थंड इंजिनवर कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत, साधारण १.३-१.५ बार, कूलंटच्या टाकीत हवा पंप करून अर्धा तास ठेवा. गेज उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल तर गास्केटकडे बघा. ट्रॅकवर एकदा उकळून कॅपमधून थोडं कूलंट बाहेर पडणं म्हणजे गास्केट गेलंच असं नाही. भरताना बोअरवेलचं पाणी नको, डिस्टिल्ड वापरा.

आता समजा तिसऱ्याची रिंग-लँडच निघाली. मग कारण शोधल्याशिवाय इंजिन बांधू नका, नाहीतर नवा पिस्टनही तिथेच तुटेल. चारही इंजेक्टर बेंचवर लावून प्रवाह मोजा. तिसरा कमी देत असेल तर सापडलं. मग रिमॅपचा लॉग मागा: पूर्ण लोडवर रेल प्रेशर टिकतं का, इग्निशन किती अंश मागे ओढलं जातं, इनटेकचं तापमान चौथ्या सत्रात कुठे गेलं. इथे इथेनॉलचा हिशोब येतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२०ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास आठ-नऊ टक्के जास्त इंधन. लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) ते सांभाळून घेतो, पण रिमॅपने हाय-प्रेशर पंप आधीच टोकाला नेला असेल तर ६००० आरपीएमला तो कमी पडतो आणि मिश्रण पातळ होतं. ई२०चं ऑक्टेन चांगलं असल्याने रस्त्यावर हे कळतच नाही. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग दाबल्यावर कळतं.

बांधताना एकच पिस्टन बदलण्याचा मोह टाळा. चारही एकाच वजनाचे, नव्या रिंगा, होनिंग, आणि हेड व रॉडचे ताणले जाणारे बोल्ट नवे. रिंगचा गॅप स्वतः मोजून घ्या. जास्त बूस्टला तो थोडा मोठा लागतो, नाहीतर रिंगची टोकं तापून एकमेकांना भिडतात आणि पुन्हा तेच लँड तोडतात. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन घ्यायचे तर बोअरिंगवाल्याला क्लिअरन्स पिस्टन कंपनीच्या कागदावरून द्या, कास्टच्या अंदाजाने नाही. सकाळी थंडीत थोडा टकटक आवाज येईल, तो त्यांचा स्वभाव. फिल्टरमध्ये धातू सापडला असेल तर ऑइल कूलर धुऊन परत लावू नका, नवा घ्या, त्याच्या आतल्या अरुंद खाचांतून कण पूर्ण निघत नाहीत. कन्व्हर्टरची तपासणीही याच वेळी करा: पुढचा लॅम्डा सेन्सर काढून त्या भोकातून बोअरस्कोप घाला, जाळी कोसळलेली किंवा वितळलेली दिसली तर तीही बदला.

विम्याची आशा ठेवू नका. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीचा वापर वगळलेला असतो, आणि यांत्रिक बिघाड तसाही त्यात बसत नाही.

उद्या गॅरेजला जाल तेव्हा ‘इंजिन चेक करा’ असं मोघम सांगू नका. चारही सिलिंडरचे लीक-डाउनचे टक्के आणि हवा कुठून ऐकू आली, हे कागदावर लिहून मागा. कापलेला फिल्टर पिशवीत घालून घरी आणा. तो फोटो आणि ते चार आकडे इथे टाकलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.